लढण्यास योग्य

वेनियामिन शूबिन तिसऱ्यांदा जखमी होऊन सैनिकी इस्पितळात आला, तेव्हा नर्सला त्याचं नाव विचारावं लागलं नाही. आधी खांदा झाला होता, मग पोट. या खेपेस उजवा गुडघा गेला होता.

तपासणीच्या वेळी मेजर डॉक्टरांनी मोठ्या आपुलकीनं चौकशी केली. गुडघा वाकत नाही? हरकत नाही. कुबड्यांशिवाय उभं राहता येत नाही? खंदकात उभं राहायला सांगतंय कोण? ‘लढण्यास योग्य’ असा शेरा मारून त्यांनी चहात लिंबू पिळलं.

शूबिननं गावी बायकोला, झिनाइदाला, फोन केला. ती रडली नाही.

“वेन्या, धड पायांची माणसं संपली का रे तिकडे?”

“संपत आलीत,” तो म्हणाला.

आघाडीवरचा तरुण कप्तान कुबड्या पाहून ओशाळला. पण माणसं त्यानंच मागितली होती, आणि वरच्यांनी शब्द पाळला होता. त्यानं शूबिनला सूर्यफुलांच्या करपलेल्या शेतालगतच्या खंदकात नेऊन बसवलं. जोडीला एका डोळ्यानं अधू असलेला अर्कादी होता.

पहाटे तोफा सुरू झाल्या आणि बाकीचे मागे पळाले. अर्कादी त्याला ओढू लागला.

“तू जा,” शूबिन म्हणाला. “आपण दोघं मिळूनही एक धड माणूस होत नाही.”

अर्कादी गेला आणि वाचला. संध्याकाळी तुकडी परतली, तेव्हा शूबिन तिथंच होता. डावी मांडी फाटली होती, पण तो शुद्धीवर होता. एकटा शूबिन मागे हटला नाही, असं कप्तानानं वर कळवलं. ते खोटंही नव्हतं.

मग इस्पितळात जनरलसाहेब आले, कॅमेरेवाल्यांना घेऊन. पदक लावून त्यांनी विचारलं, एवढं धैर्य आलं कुठून?

“साहेब, पळता येत नव्हतं.”

सगळे हसले. शूर माणूस विनोदीही निघाला, याचं साहेबांना कौतुक वाटलं. टीव्हीवर मात्र ते वाक्य गाळलं.

झिनाइदाही त्या दिवशी आली होती. नवऱ्याला घरी कधी सोडणार, असं तिनं मेजरना विचारलं. असा वीर घरी बसवणं पाप होईल, टाके सुकले की पाठवू, असं मेजर म्हणाले. तिनं हुज्जत घातली नाही. शूबिनला चाकांच्या खुर्चीत बसवलं, अंगावर पदकासकट कोट चढवला आणि हवा खायला म्हणून फाटकाकडे ढकलत नेलं. पहारेकऱ्यानं पदक पाहिलं, कडक सलाम ठोकला आणि फाटक सताड उघडलं.

बाहेर तिचा भाऊ गाडी घेऊन थांबला होता. शहर मागे पडल्यावर शूबिननं विचारलं, “शोधत येतील. मग गं?”

झिनाइदानं त्याच्या मांडीखाली उशी सरकवली. “येऊ देत. तोवर जरा झोप.”

आणि तो खरंच झोपला.