बाबांसाठी आणलेलं मीठ

चाळीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी म्हणून काढलेल्या माणसाला डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा सुनेला हसू आलं होतं. बाबा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "पोरी, याच्यापेक्षा जन्मठेप बरी. तिथं निदान मीठ तरी घालतात."

पण घरी आल्यावर हसण्यासारखं काही उरलं नाही. बीपी दोनशेला टेकलेलं, किडनीही थोडी थकलेली. डॉक्टरांनी दोन नव्या गोळ्या दिल्या, एक सकाळी, एक दुपारी. त्या चुकवायच्या नाहीत, मनाने बंद करायच्या नाहीत, आणि दीड महिन्याने रक्त तपासून घ्यायचं. सुनेने सगळं कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवलं. ती चपलांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करायची. नियमाने वागणं तिच्या हातात मुरलेलं होतं. सकाळची गोळी ती स्वतः बाबांच्या तळहातावर ठेवायची, आणि दुपारची बशीत काढून ठेवून कामाला जायची. एकही गोळी कधी चुकली नाही.

अडलं ते जेवणापाशी. बाबा पानावर बसायचे, पहिला घास तोंडात घ्यायचे आणि डोळे मिटायचे. पूर्वीही मिटायचे, चव जोखायला. आता मात्र घास गिळण्यासाठी. मग पाणी प्यायचे आणि ताट हळूच पुढे सारायचे. "पोट भरलं," म्हणायचे. महिन्याभरात त्यांचे खांदे शर्टातून वर आले.

सुनेच्या जिवाला हे लागलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला धड अंडंही उकडता येत नव्हतं. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. बाबांनी तिला शेजारी उभं करून सगळं शिकवलं होतं, कांदा कसा चिरायचा, आच कधी कमी करायची, रस्सा शिजला हे वासावरून कसं ओळखायचं. एकदा रस्सा तळाला करपला, तर नवऱ्याच्या आधी बाबाच जेवायला बसले आणि म्हणाले, "धुराची चव मुद्दाम आणायला लोक धडपडतात. हिला पहिल्याच फटक्यात जमली." त्या माणसाला तिच्याच हातचं जेवण जाईना.

कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या बाईने तोडगा सांगितला. "अगं, बीपीवाल्यांचं वेगळं मीठ मिळतं. माझी आई वर्षभर तेच खाते. तिच्या डॉक्टरांनीच सांगितलंय."

त्याच संध्याकाळी सुनेने ते आणलं. पांढरा डबा, त्यावर हृदयाचं चित्र. रात्री ताटात वाढलेला रस्सा बाबांनी चाखला आणि हात तसाच थांबवला. पुन्हा चाखला.

"मीठ आहे यात."

"तुमच्यासाठीचं आहे, बाबा. चालतं."

बाबांनी ताट साफ केलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मग बाहीने डोळे पुसले. "जरा कडवट मागची चव आहे," ते म्हणाले, "पण माणसात आल्यासारखं वाटलं बघ."

तिथून घर पुन्हा रुळावर आलं. बाबा स्वतः शेगडीपाशी उभे राहू लागले. दुपारी एकटे असले की काहीतरी रांधून ठेवायचे. हातही सैल होता त्यांचा, महिनाभराचा उपास फेडायचा होता. पहिला डबा वीस दिवसांत संपला. सुनेने दुसरा आणला. रक्त तपासायची तारीख मधल्या मधे निघून गेली. कारखान्यात मोठी ऑर्डर होती, सुट्टी मिळेना, नवरा मालाची गाडी घेऊन आठवडा आठवडा बाहेर. आणि बाबा तर चांगले खात होते, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं ती म्हणत राहिली.

नवं मीठ सुरू झाल्यापासून सहाव्या आठवड्यात बाबा जिना चढताना बसायला लागले. "पायांत कापूस भरलाय जणू," म्हणायचे. तिने विचारलं, आणखी काही होतंय का? "म्हातारपण होतंय," ते म्हणाले. तिने तेल लावून पाय चोळून दिले.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. ती घरी आली तेव्हा शेगडी चालू होती आणि बाबा खाली पडलेले होते, एक हात ओट्याच्या कडेला अडकलेला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख बघितला आणि वळून विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत? आणि गोळ्यांशिवाय काही? पावडर, टॉनिक, वेगळं मीठ?"

"मीठ..." सून म्हणाली. "बीपीचं मीठ आहे. चांगलं असतं ना ते?"

डॉक्टरीणबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "काहींना असतं. त्या मिठात पोटॅशियम असतं. यांच्या गोळ्या तेच शरीरात धरून ठेवतात, आणि किडनी थकलेली, म्हणून ते बाहेर पडत नाही. साचत गेलं. आता हृदयाची लय बिघडलीय. आम्ही पोटॅशियम उतरवायचा प्रयत्न करतोय."

रविवारी दुपारी बाबांना थोडी शुद्ध आली. सून उशाशी होती. तिने सगळं सांगून टाकलं, चाचरत, त्यांचा हात धरून. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी तिच्या बोटांवर अंगठा फिरवला आणि ओठ हलवले. तिने कान जवळ नेला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

सोमवारी सकाळी ते गेले.

माणसं आली, भेटून गेली. नवरा सगळं यंत्रासारखं करत राहिला. तिच्याशी तो वाईट वागला नाही, पण तिच्याकडे बघतही नव्हता. दहाव्या दिवशी दुपारी दोघंच घरात असताना त्याने तो डबा टेबलावर ठेवला.

"यावर लिहिलंय," तो म्हणाला. "बारीक अक्षरात. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा."

"हो."

"वाचलं होतंस?"

खोटं बोलता आलं असतं. "वाचलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, चिमूटभर मिठाचं डॉक्टरांना काय विचारायचं. हसतील."

त्याने डबा फिरवून ती अक्षरं भिंतीकडे केली. आता हा उठेल, दार आपटून जाईल, कदाचित परत येणारच नाही, असं तिला वाटलं, आणि तसं झालं असतं तर तिने त्याला दोष दिला नसता.

"त्यांनी मला फोन केला होता," तो अचानक म्हणाला. "पडायच्या चार दिवस आधी. म्हणाले, छातीत ठोका चुकतोय, पाय उचलत नाहीत. मी म्हटलं, तिला सांगा, डॉक्टरकडे नेईल. तर म्हणाले, नको. तिला सांगितलं तर घाबरून पुन्हा मीठ काढून घेईल माझं."

ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"मी हसलो गं," तो म्हणाला. "हसलो, आणि फोन ठेवला. गाडी चालवत राहिलो."

त्याने टेबलावर डोकं टेकवलं. ती उठून त्याच्याजवळ गेली, पण त्याला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. शेवटी त्यानेच न बघता हात पुढे केला आणि तिच्या साडीचं टोक मुठीत धरलं. ती तशीच उभी राहिली. दोघंही रडत होती, आणि दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याला 'तुझी चूक नव्हती' असं म्हणता येईना.