रात्रभर ताणलेली पट्टी

"सोड तिला आता. दिवसभर ताणून धरलीस, रात्री तरी बिचारीला सैल निजू दे."

मेहबूबचाचांचा हा आवाज दीनानाथने पहिल्यांदा ऐकला त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत चाचांचं दुकान. करवतीच्या लांब पट्ट्यांना धार लावायची, तुटलेल्या पट्ट्यांची टोकं जुळवून सांधायची, हे त्यांचं काम. वखारीतली पट्टी म्हणजे पोलादाची दातेरी माळच, दोन चाकांवरून गरगरणारी. दिवसभर ती ताठ हवी, एकतारीच्या तारेसारखी. जरा सैल पडली की लाकडात वाकडी चालते. पण इंजिन थांबलं की हँडल उलटं फिरवून तिचा ताण उतरवायचा. दिवसभर तापलेलं पोलाद रात्री गारठतं, आखडतं, आणि मोकळं केलेलं नसलं तर जिथं नाजूक असेल तिथं आतल्या आत तडकतं. वरून काही दिसत नाही. सकाळी तुटते.

दीनानाथ हे सगळं चाचांच्या दुकानात शिकला. पुढे त्याने स्वतःची फिरती करवत घेतली, ट्रेलरवर बसवलेली, टेंपोमागे बांधून न्यायची. शहरात कुठं झाड पडलं की लोक बोलावतात, आणि तो पडल्या जागीच ओंडक्याच्या फळ्या पाडून देतो. इतक्या वर्षांत चाचांचा शब्द त्याने एकदाच मोडला होता. तीन आठवड्यांपूर्वी.

"दीनाभाऊ, चौथ्यांदा बघताय," मच्छिंद्र म्हणाला. "सैल हाय ती. म्या सोताच बघितलं."

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या आवारात जानेवारीचं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. पडलेल्या शिरीषाच्या फळ्या एकावर एक रचून झाल्या होत्या. दीनानाथने पेट्रोलचा कॉक बंद केला, किल्ली खिशात टाकली, आणि दोन मिनिटांनी कॉकला परत हात लावून पाहिला. चाकांच्या झाकणाआडचा भुसा ब्रशने काढला. पट्टीवर चढलेला चीक डिझेलच्या फडक्याने पुसला, दातांच्या दिशेने, बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तसा. मग तेलाचं बोळकं घेऊन रुळांवरून गेला, आला, पुन्हा गेला. हात थांबले की मन चालू लागायचं, म्हणून तो हात थांबू देत नव्हता.

मच्छिंद्र ओंडक्यावर टेकून त्याच्याकडे बघत होता. लोणी काळभोरहून रोज मोटरसायकलवर येणारा हा गडी आठ वर्षं त्याचा भागीदार. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज, जखम अजून ओली.

"आंघोळ झाली, तेल झालं," तो म्हणाला. "आता तीट लावा, म्हंजी दृष्ट लागायची न्हाय मशीनला."

दीनानाथ हसला नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र हातात पिशवी घेऊन समोर उभे राहिले. "पाच वाजता आवरतो म्हणाला होतात. आमच्या घड्याळात पावणेसहा झालेत. आपलं घड्याळ लाकडाचं दिसतंय."

"झालंच काका. भुसा भरला की निघालो."

"भरा, भरा. सावकाश भरा. आम्ही काय, रिटायर्ड माणसं. भुशातसुद्धा बसू शकतो."

ते गेले आणि दीनानाथचा फोन वाजला. पलीकडे एजाज, चाचांचा मुलगा.

"दीनाभाई, अब्बांनी दुकान बंद करायचं ठरवलंय. उद्या मी त्यांना आणि अम्मीला माझ्याकडे घेऊन चाललोय. सांधायची मशीन विकायची नाही म्हणतात. तुम्हालाच द्यायची. आजच येऊन घेऊन जा, असा निरोप आहे."

"बंद? का पण?"

"तुम्हाला माहीतच आहे," एजाज अवघडून म्हणाला. "त्या दिवसापासून त्यांनी एकही पट्टी सांधली नाही. कुणी आणली तर परत पाठवतात. मी काय सांगणार त्यांना? तुम्ही समजावून बघा, जमलं तर."

फोन खिशात गेला. दीनानाथ उगाचच ट्रेलरभोवती एक फेरी मारून आला. मच्छिंद्रला सांगितलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "बरं झालं म्हणायचं. वय झालं म्हाताऱ्याचं. सांधा उडला तवा हातावर निभावलं. मानंवर आला असता तर आमच्या तुळजाबाईनं काय केलं असतं? एकुलता एक हाय मी आईला." मग आवाज जरा खाली आणून, "चला, मी बी येतो. जड असंल मशीन. तुमचं दोन हात आन् माझा एक, तीन पुरत्याल."

त्याला बरोबर नेणं दीनानाथला नको होतं, तरी त्याने टेंपोची किल्ली काढली.

ट्रेलर आवारातच ठेवून दोघं टेंपोत बसले. मार्केट यार्डाकडून येणाऱ्या भाजीच्या गाड्यांमागे ते रांगू लागले. सिग्नलला दीनानाथची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. हिरवा झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मागून हॉर्न वाजला तेव्हा तो दचकला.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी ते कोथरूडच्या एका सोसायटीत होते. गुलमोहोर कापत होते. साडेपाचला सलोनीच्या शाळेचं गॅदरिंग. लेक सातवीत, कोळीगीतात पहिल्या रांगेत, आणि सकाळी निघताना म्हणाली होती, "बाबा, मागच्या वर्षीसारखं शेवटी शेवटी येऊ नका हं." त्याने इंजिन बंद केलं, मच्छिंद्रला ताडपत्री टाकायला सांगितलं आणि धावत सुटला. ताण उतरवणं हे दीनानाथचं स्वतःचं काम. ते मच्छिंद्रने कधी केलं नव्हतं, त्याने करूही दिलं नव्हतं.

लेक रंगमंचावर आली. डोक्यावर टोपली, कपाळावर चिकटलेले केस, डोळे बाबांना शोधणारे. आणि टाळ्या वाजवता वाजवता त्याचा उजवा हात हवेत थबकला. हँडल फिरवल्याची आठवण त्या हाताला नव्हती. पट्टी ताणलेलीच राहिली होती. शाळेपासून ती सोसायटी दहा मिनिटांवर. कार्यक्रम संपल्यावरही जाता आलं असतं. पण सलोनी आइस्क्रीम मागत होती, वारा बोचत होता, आणि त्याने मनाशी म्हटलं, एका रात्रीने काय होतंय.

दुसऱ्या दिवशी पहिलाच काप. फाट्कन आवाज झाला. पट्टी सांध्याच्या कडेला तुटली, झाकणाच्या फटीतून सापासारखी बाहेर आली आणि मच्छिंद्रचा हात उभा फाडून गेली.

खिळा लागला असेल, असं आधी वाटलं. शहरातल्या झाडांत क्लासच्या पाट्यांचे खिळे असतातच. पण ओंडका दोघांनी आदल्या दिवशी तपासलेला. मग उरला सांधा. दीनानाथ तुटकी पट्टी घेऊन चाचांकडे गेला. चाचांनी ती बराच वेळ हातात धरली आणि एकच विचारलं, "रात्री सोडली होतीस ना?"

"सोडली होती," दीनानाथ म्हणाला. इतक्या सहज, की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

चाचांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "मग माझाच सांधा कच्चा."

मच्छिंद्रने हातावरचे टाके दाखवत वखारी-वखारींतून तेच सांगितलं. त्याचा काय दोष? त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं.

टेंपो चाचांच्या गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून गेला.

"अहो, गल्ली मागं ऱ्हायली," मच्छिंद्र म्हणाला.

दीनानाथने वळसा घातला आणि दुसऱ्यांदाही गल्ली चुकवली. मच्छिंद्र त्याच्याकडे बघू लागला. "बरं न्हाय का तुम्हांला? तीन आठवडं बघतोय, भूत लागल्यागत करताय."

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या झालेल्या, पट्ट्यांच्या गुंडाळ्या दोरीने बांधून कोपऱ्यात ठेवलेल्या. मधोमध जुन्या चादरीत गुंडाळलेली मशीन. कमरजहांचाची स्टोव्हवर चहा ठेवत होत्या.

"ये दीना. हा कोण, मच्छिंद्र ना? बस बेटा, हात सांभाळून."

मेहबूबचाचा उठले. पंच्याहत्तरीचं अंग, पण पाठ अजून सरळ. ते आधी मच्छिंद्रपाशी गेले आणि त्याच्या बांधलेल्या हाताखाली आपला तळवा धरला, अंड्याखाली धरावा तसा.

"दवाखान्यात यायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. "धीर झाला नाही. माफ कर."

मच्छिंद्र गडबडला. ज्या तोंडाने वखारी-वखारींतून सांधा कच्चा म्हणून सांगितलं होतं, त्याच तोंडाने आता घाईने म्हणाला, "ऱ्हाऊ द्या चाचा. हाताला काय हुतंय. टाकं काय, सुकत्याल."

"बोटं हलतात ना सगळी?"

"हलत्यात की. जेवायला तर लईच."

चाची हसल्या. चाचा हसले नाहीत. त्यांनी चादर सोडली. मशीन लख्ख पुसलेली होती, तांब्याची टोकं घासून उजळलेली. "डावा चाप जरा अडतो," ते दीनानाथला सांगू लागले. "जोर लावायचा नाही. आधी मागे घ्यायचा, मग पुढे. सांधा लाल झाला की लगेच सोडायचा नाही, हळूहळू निवू द्यायचा. तुला काय सांगायचं म्हणा. तुझा हात चांगला आहे."

"चाचा, तुम्हीच ठेवा ही. एवढ्या लवकर कशाला बंद करता?"

"लवकर?" त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. काळवंडलेला, जुन्या चरांनी भरलेला. "तू ती पट्टी आणलीस ना, तेव्हा मी तुटलेल्या कडेवरून हा फिरवला. पन्नास वर्षं फिरवतोय. याने मला साफ सांगितलं, ही रात्रभर ताणून ठेवलेली आहे. तडा रात्रीचा आहे, सकाळचा नाही. मी तुला विचारलं. तू म्हणालास, सोडली होती."

दीनानाथने खाली पडलेल्या चादरीची घडी घालायला घेतली.

"तू माझ्या हाताखाली शिकलेला. तू कशाला खोटं बोलशील? म्हणजे हा अंगठाच चुकला. आणि ज्याच्या अंगठ्याला रात्र आणि सकाळ कळेनाशी झाली, त्याने लोकांच्या गळ्याजवळून धावणाऱ्या पट्ट्या सांधू नयेत, बेटा. आज हातावर निभावलं. उद्या कुणाचं काय जाईल?"

"रात्री उठून बसतात," चाची चहा गाळता गाळता म्हणाल्या. "दिवा लावतात, ताटाची कड चाचपून बघतात, चमच्याची कड चाचपतात. मी म्हणते झोपा. तर म्हणतात, थांब, कळतंय का बघतो."

दीनानाथच्या हातात कप आला. तो त्याने खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. एजाजचा शब्द आठवला, समजावून बघा. काहीतरी समजुतीचं बोलता येईल का, हे त्याने मनात चाचपून पाहिलं: वय सगळ्यांचंच होतं, पोलादच हल्ली हलकं येतं. मशीन उचलून टेंपोत टाकता येईल, घरी नेता येईल, आणि रोज तिच्याकडे बघता येईल.

"चल, धर बघू एक बाजू," चाचा म्हणाले. "मच्छिंद्र, तू फक्त दार धर."

मच्छिंद्रने शटर वर ढकललं. दीनानाथ वाकला, मशीनच्या बुडाखाली बोटं घातली, आणि तसाच राहिला. उचलेना.

"जड आहे का रे?"

तो सरळ झाला. त्याने मच्छिंद्रच्या हाताकडे पाहिलं, मग चाचांकडे.

"चाचा, त्या रात्री पट्टी मी सोडली नव्हती. मला आठवलं होतं, शाळेत बसल्या बसल्या आठवलं होतं, दहा मिनिटांचा रस्ता होता. मी परत गेलो नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो."