पाडस परत ठेवताना

"कुणाला घाबरायचं असेल तर आत्ताच घाबरून घ्या," असं म्हणत लोर्नाने पांढरा ट्रे सगळ्यांच्या मध्ये धरला. ट्रेमधल्या बोटभर पाण्यात चतुराची एक अळी पाय ताणून बसली होती. "हा या तळ्यातला वाघ. भूक लागली की याचा जबडा हातासारखा पुढे येतो. बोट घालायचंय कुणाला?"

दहा-बारा बोटं एकदम पुढे आली आणि तितक्याच आयांनी ती मागे ओढली.

लोर्ना ट्वेट गुडघाभर पाण्यात उभी होती. वय एकसष्ट. टॅमरॅक लेक उद्यानात रेंजर म्हणून तिचा हा चोविसावा उन्हाळा. हिवाळाभर ती शाळेची बस चालवायची आणि दर जानेवारीत, आपण या उद्यानात कधी पाऊलच टाकलं नाही अशा थाटात, नोकरीचा अर्ज नव्याने भरायची. तिला कायम कुणी केलं नाही आणि तिनेही कधी तोंड उघडून विचारलं नाही. शनिवारी सकाळी दहाला जाळ्या घेतलेली पोरं काठावर जमली, की तिचे गुडघे दुखायचे थांबत. निदान ती तसं सांगायची.

"ओ रेंजरबाई! रेंजरबाई!"

गाड्या लावायच्या जागेकडून एक आडदांड माणूस येत होता. दोन्ही हातांत पोहायचा मोठा टॉवेल जपून धरलेला. त्याच्या पुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी लोकांना बाजूला सारत होती. "वाट द्या, वाट द्या, पेशंट आहे!"

टॉवेलची घडी उघडली आणि सगळ्यांच्या तोंडून एकच 'आई गं' निघालं. आत हरणाचं पाडस होतं. पाठीवर पांढरे ठिपके, कान मागे दुमडलेले. हूं की चूं नाही.

"काल संध्याकाळी सापडलं," माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गवतात एकटंच पडलं होतं. आई नाही, कुणी नाही. टाळ्या वाजवल्या तरी हललं नाही. म्हटलं, रात्री कोल्हे फाडतील."

"आम्ही त्याचा जीव वाचवला," मुलगी म्हणाली. "त्याचं नाव वॉफल. बाबांनी रात्रभर मांडीवर घेतलं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी फोन वर धरले. माणसाचे कान आनंदाने लाल झाले आणि त्याने मुलीकडे बघितलं. त्या टाळ्यांपेक्षा त्याला मुलीच्या तोंडावरचं कौतुक हवं होतं, हे लोर्नाला तिथल्या तिथे कळलं.

तिने मात्र ट्रे काठावर ठेवला. दर जूनमध्ये हे एकदा तरी घडायचंच. हरिणी दिवसा पिल्लाला गवतात लपवते आणि मुद्दाम लांब राहते, कारण कोल्ह्यांना वास लागतो तो तिचा, पिल्लाचा नाही. न हलणं ही त्या पिल्लाची सगळी विद्या. ते बघून भल्या माणसांना वाटतं, बिचारं पोरकं आहे. धर्म करायला जातात आणि कर्म उभं राहतं. आई येऊन जागा हुंगते, हाका मारते, आणि एक-दोन दिवसांनी नाद सोडते. बाटलीने वाढवलेलं पाडस सहसा जगत नाही. लोर्नाने घड्याळ बघितलं. पंधरा तास होऊन गेले होते.

सोळा वर्षांपूर्वी अशाच एका आजोबांना तिने चारचौघांत झापलं होतं. बरोबर तीच होती. आजोबा टोपी हातात घेऊन नातवंडांसमोर ऐकत राहिले आणि पुन्हा उद्यानात कधी दिसले नाहीत. पाडस वाचलं, पण त्या टोपीची आठवण झाली की लोर्नाला अजून स्वतःची लाज वाटायची.

"अहो, पण माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही!" गर्दीतून मोठ्या हॅटवाल्या एक बाई पुढे आल्या. उंटावरचे शहाणे उन्हाळ्यात उद्यानातही येतात. "शेंबडं पोर पण सांगेल हे. आणि तिथे पाटी आहे की, पिल्लांना हात लावू नका म्हणून. वाचता येत नाही का माणसाला?"

मुलीने मान वर करून बापाकडे बघितलं.

"बाई," लोर्ना पाण्याबाहेर येत म्हणाली, "तुमचं बाळ आधी नर्सने हातात घेतलं होतं ना? मग टाकून दिलंत का?" लोक हसले. "आणि पाटी मार्चच्या बर्फात आडवी झाली. उभी करायचं काम माझं होतं. राहून गेलं."

ते खरंच होतं. मग ती कुरकुरत्या गुडघ्यांवर मुलीसमोर बसली. "नाव काय तुझं?"

"ब्रिन. ब्रिन कोस्मात्का. हे माझे बाबा, रॉनी."

"ब्रिन, वॉफलची आई मेलेली नाही. तिनेच त्याला तिथे निजवलं होतं. हलू नकोस, मी येते, असं बजावून गेली होती. म्हणून ते हललं नाही."

ब्रिनने पाडसाकडे बघितलं. "म्हणजे आम्ही त्याला पळवलं?"

रॉनीचा चेहरा उतरला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते आता जमिनीकडे बघत होते.

"पळवणारा माणूस रात्रभर पिल्लू मांडीवर घेऊन बसत नाही," लोर्ना म्हणाली. "तुम्ही चुकलात. चूक अजून दुरुस्त होईल कदाचित. पण त्याला नेमक्या त्याच जागी ठेवायला हवं, आणि ती जागा मला ठाऊक नाही. तुला आहे."

"आडव्या पडलेल्या बर्चच्या झाडापाशी. मी तिथे दोन बिस्किटं ठेवलीत."

"कशाला गं?"

"त्याची आई आलीच तर तिला भूक लागली असेल म्हणून. बाबा म्हणाले, आई नाहीये. पण आलीच तर."

 लोर्ना उठली, पोरांना ट्रेमधले जीव पाण्यात सोडायला सांगितले, बाल-रेंजरचे बिल्ले संध्याकाळी देईन म्हणाली आणि पाडस घेऊन वाटेला लागली.

ब्रिन पुढे धावत होती. रॉनी लोर्नाच्या बरोबरीने चालत आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, महिन्यातले दोनच शनिवार-रविवार ही माझ्याकडे असते. आता ती विचारणार, पाडसाची आई येईल का. तुम्ही हो म्हणून टाका. उद्या दुपारी तिला तिच्या आईकडे सोडायचंय. कळणार कुणाला?"

लोर्ना चालत राहिली. पाडसाचं काळीज तिच्या मनगटावर धडधडत होतं.

बर्चपाशी बिस्किटं नव्हती, नुसता चुरा आणि मुंग्या. लोर्नाने पाडस खाली ठेवलं. त्याने पाय पोटाशी घेतले, मान जमिनीला लावली आणि ते पुन्हा तसंच निश्चल झालं.

"येईल ना ती?" ब्रिनने विचारलं.

रॉनी लोर्नाकडे बघत होता. त्या बघण्यात हात जोडलेले होते.

"माहीत नाही, ब्रिन."

"असं काय? तुम्ही रेंजर आहात ना?"

"आहे, म्हणूनच. कदाचित येईल, कदाचित नाही. पण आपण इथे आहोत तोवर नक्की येणार नाही."

"लपून बघूया?"

"आपण कुठे लपलोय ते तिला आपल्या आधी कळतं. आपण जायचं. बघायला मिळणार नाही."

वाटेवर परतल्यावर रॉनीचा बांध फुटला. "एक 'हो' म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"माझं बरंच जातं," लोर्ना म्हणाली. "मी सांगते म्हणून ही पोरं चिखलात हात घालतात. एकदा खोटं बोलले तर उद्या माझा तळ्यातला वाघही खोटा."

 लोर्नाला वेगळीच काळजी होती. ही वाट होड्यांच्या धक्क्यावर जात होती आणि शनिवारी तिथे जत्रा. दोरी बांधली तर लोक तिच्याखालून वाकून जात, वर फोटोही काढत. तिचे अजून दोन कार्यक्रम बाकी होते आणि हाताखाली कुणी नव्हतं. हे ती जरा मोठ्याने स्वतःशीच बोलली.

"माझ्याकडे घडीची खुर्ची आहे," रॉनी म्हणाला.

"दिवसभर बसाल?"

"कागदाच्या कारखान्यात बारा-बारा तास उभा असतो मी. बसायला काय धाड भरलीय?"

"मग तोंड रस्त्याकडे, पाठ गवताकडे. काहीही ऐकू आलं तरी मागे वळायचं नाही. तिला माणसाचा चेहरा दिसला की ती पुढे येत नाही."

दुपारी मासे धरायला सांगून ठेवलेली होडी रॉनीने परत पाठवली. ब्रिनने आपली छोटी खुर्ची त्याच्या शेजारी मांडली.

दिवसभर लोर्नाच्या कानावर तक्रारी येत राहिल्या. एक कुटुंब होडी डोक्यावर घेऊन लांबच्या वाटेने आलं होतं. "तुमचा तो नवा रेंजर फार खाष्ट आहे हो," ते म्हणाले. हॅटवाल्या बाई तर फणफणत आल्या. "मला म्हणतो, बाई, पाटी पडलीय, म्हणून मी बसलोय. वाचा!" लोर्नाने त्यांना थंड पाणी दिलं आणि हसू यायच्या आत पाठ वळवली.

वटवाघळांचा कार्यक्रम उरकून, पोरांना बिल्ले लावून ती निघाली तेव्हा साडेआठ झाले होते. सूर्य झाडांमागे गेला होता, उजेड अजून होता. आता त्या दोघांना उठवून जेवायला पाठवावं आणि सकाळी आपणच एकटीने बर्चपाशी जाऊन यावं, असं तिने ठरवलं होतं. सकाळी काय दिसेल याचा विचार तिने दिवसभर टाळला होता.

वळण संपलं आणि ती जागच्या जागी थांबली.

दोन्ही खुर्च्या तिच्याकडे तोंड करून होत्या. ब्रिन बापाच्या दंडाला टेकली होती. आणि त्यांच्या मागे, दहा-बारा पावलांवर, हरिणी वाट ओलांडत होती. एक पाय उचलून थांबायची, कान फिरवायची, पुन्हा एक पाय टाकायची. तिच्या पोटाखाली, काड्यांसारख्या पायांवर झोकांड्या देत, ठिपक्यांचं पाडस चाललं होतं. चोवीस उन्हाळ्यांत असं लोर्नाने कधी पाहिलं नव्हतं.

तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ती हललीसुद्धा नाही. पण डोळे भरून आले ते तिला लपवता आले नाहीत.

ब्रिनने ते बघितलं. ती ताठ झाली. आवाज न करता तिच्या ओठांनी विचारलं, "आली?"

लोर्नाने होकारार्थी मान हलवली.

ब्रिन वळणार तोच रॉनीचा मोठा पंजा तिच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. मागे एक काटकी मोडली. त्यालाही ती ऐकू आली असणार. त्याने लोर्नाच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही, मान तसूभर वळवली नाही. डासांची वेळ झाली होती. एक त्याच्या कपाळावर बसला, मग दुसरा, मग गालावर तिसरा. त्याचा हात वर आला नाही.