उजव्या दाराचं रबर

ह्यांची गाडी दोन दारांची, लाल, आमच्या लग्नाच्याही आधीची. पळायला वाऱ्यासारखी, असं हेच सांगायचे. मी दार लावलं की ह्यांचं ठरलेलं, "फ्रिजचं दार नाही ते. पुन्हा लाव." पाहुण्यांसमोर, माझ्या सख्ख्या भावासमोर. एकदा तर भर रस्त्यात तीनदा उघडून पुन्हा लावायला लावलं. जोरात लागलं तरी बोलणी, हळू लागलं तरी बोलणी. चौतीस वर्षं निमूट ऐकून घेतलं मी.

मग ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परतलं, चालणं परतलं, हात तेवढा लटकत राहिला. ह्यांनी स्वतःच अट घातली, ज्या दिवशी उजव्या हातानं गाडीचं दार लावीन, त्या दिवशी गाडी बाहेर काढीन, नाहीतर कधीच नाही. तेव्हापासून मऊ चेंडू दाबणं सुरू. सकाळ-संध्याकाळ, आठ महिने. बोटं वळायला लागली, कपाचा कान धरता यायला लागला. आज-उद्या जमणार हे मला दिसत होतं. आणि जमलं की मी पुन्हा शेजारच्या सीटवर, पुन्हा तेच दार, पुन्हा तीच बोलणी.

तेवढ्यात दारांची रबरं गेली. गाडी धुतली की पाणी आत, पायाखाली कुबट वास. ह्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. गाडीचं काहीतरी माझ्यावर सोपवायची पहिलीच वेळ, आणि तीही "नीट बघ, घोळ घालू नकोस" म्हणून.

फिटरनं जुनं रबर ओरबाडून काढलं, खाचेत वाळलेला डिंक पात्यानं खरवडला. मग दोन वेटोळी दाखवली. एक पोकळ, मऊ, ह्याच गाडीचं. दुसरं भरीव, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं. काकू, भरीव घेऊ नका, तो म्हणाला, दोन महिने दार ऐकणार नाही, धडधाकट माणसालाही दणका द्यावा लागेल. दबून बसलं की मग ठीक.

"डावीकडे मऊ लाव," मी म्हटलं. "उजवीकडे भरीव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाहीना का.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. स्टिअरिंगमागे बसले, उजव्या हातानं दार ओढलं. दार रबराला टेकलं आणि परत आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा आलं. पाचव्या खेपेला बोटं दारावरून सुटली. डावा हात मदतीला पुढे आला, तो ह्यांनीच मागे घेतला. अट त्यांचीच होती.

मी पलीकडून आत बसले आणि माझ्या बाजूचं दार दोन बोटांनी लावलं. टक.

"तुझं कसं लागलं?"

"रबर दोन्हीकडे नवीनच आहे," मी म्हटलं. "जरा जोर लावा. फ्रिजचं दार नाही ते."

ह्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "गेला गं हात." आणि रडले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

त्या दिवसापासून चेंडू कपाटावर पडलाय. बोटं पुन्हा आखडली, कपही सुटला. रबर मात्र फिटर म्हणाला तसं दोन महिन्यांत दबलं. आता उजवं दार एका बोटानं लागतं. गाडी पुसायला जाते तेव्हा मी रोज लावून बघते. ह्यांना सांगितलेलं नाही.