तपकिरी ठिपका

आमच्या ग्रंथालयात समता आली ती मंगळवारी, टपालाने. वरच्या कचेरीचं पत्र होतं: बालविभागातल्या पुस्तकांमध्ये सगळ्या रंगांची माणसं मुलांना दिसली पाहिजेत, काय केलंत त्याचा अहवाल महिन्याभरात पाठवा. पत्र चांगलंच होतं. वाईट एवढंच झालं, की ग्रंथपाल बाईंनी ते फारच मनावर घेतलं.

मी तिथे पुस्तकांची डागडुजी करते. सुटलेली पानं शिवायची, फाटलेले पुठ्ठे बदलायचे आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर रंगीत ठिपका चिकटवायचा. ठिपक्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. निळा गुप्तहेरकथांचा, पिवळा विज्ञानाचा, हिरवा प्राण्यांचा. नियम बाईंच्याही आधीपासूनचा आहे: एका पुस्तकाला एकच ठिपका, एका ठिपक्याची सगळी पुस्तकं एकत्र, लेखकाच्या आडनावाप्रमाणे.

समतेसाठी बाईंनी तपकिरी ठिपका निवडला.

"अहो बाई, तपकिरीच?" मी विचारलं.

"शोभतोय ना?" त्या कौतुकाने म्हणाल्या. बाई मनाने वाईट नाहीत, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मुखपृष्ठावरचा चेहरा बघायचा, सावळा किंवा काळा असला तर जुना ठिपका खरवडून तपकिरी लावायचा आणि पुस्तक दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवायचं, असा हुकूम निघाला. अशी त्रेचाळीस पुस्तकं निघाली. त्यांत अपूर्णांकांचं एक पुस्तक होतं, कारण पाव कापणारा हात सावळा होता. एक गिर्यारोहक होता, तो मावळत्या सूर्यासमोर उभा असल्यामुळे नुसताच काळा दिसत होता, पण बाई म्हणाल्या, "असू दे, संख्या वाढते." मी निमूटपणे चिकटवत गेले. त्यातच घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीच्या गुप्तहेरकथांचे तीन भागही तपकिरी केले, आणि तेव्हा माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला आजही लाज वाटते.

कारण ती मुलगी माझ्या भाचीची जिवाभावाची होती. माझी भाची नऊ वर्षांची. दिवसभर प्रश्न विचारत फिरते म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. आम्ही सगळेच काळे, टिटवी त्यातही उजवी. पुस्तकातली ती मुलगी बापाचं भिंग डोळ्याला लावून चोर शोधायची. पहिला भाग हातात आला तेव्हा टिटवीने मुखपृष्ठावरच्या गालाशेजारी आपला हात ठेवून पाहिला होता. मी सुई थांबवून ते पाहत राहिले होते, कारण माझ्या लहानपणी असं पुस्तक मला कोणी दिलं नव्हतं.

तिची शेजारची मैत्रीण म्हणजे टोमॅटो. पाच मिनिटं उन्हात उभी राहिली की लालबुंद होते, म्हणून हे नाव. दोघी खिडकीतल्या एकाच स्टुलावर कशाबशा मावून मोठ्याने वाचायच्या. टिटवी गुप्तहेर, टोमॅटो चोर. टोमॅटोचा चोर इतका घसा खरवडून बोलायचा, की मोठ्यांच्या विभागातून तक्रारी यायच्या.

चौथा भाग आला त्या शनिवारी दोघी धावतच आल्या आणि निळ्या कपाटापाशी थबकल्या. तिथे मालिकेची जागा रिकामी होती.

"ती काचेच्या कपाटात गेली," मी म्हणाले.

"का?" टिटवीने विचारलं. "तिने चोर पकडायचं सोडलं?"

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी चौथा भाग काढून टिटवीच्या हातात दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हे कपाट खास तुझ्यासारख्या मुलींसाठी केलंय हं. हे सगळं तुझं!" मग टोमॅटोकडे वळून तितक्याच मायेने म्हणाल्या, "तुझ्यासाठी गुप्तहेरकथा तिकडे आहेत, बाळ. हे राहू दे हिला."

टोमॅटो उन्हात नसतानाही लाल झाली. ती गुपचूप निळ्या कपाटाकडे गेली. बाईंनी टिटवीला आणखी एक पुस्तक दिलं. रंगावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट होती. शेवटी ती धीट होते म्हणे.

सोमवारी टिटवीने दोन्ही पुस्तकं परत आणली. चौथ्या भागाचं पान उलटल्याची खूणसुद्धा नव्हती.

"वाचलं नाहीस?"

"चोराचं कोण वाचणार?" ती म्हणाली. पुस्तकं माझ्यापुढे सरकवत तिने विचारलं, "मावशी, मला चिडवतात असं बाईंना कोणी सांगितलं?"

"तुला कोणी चिडवलं का गं?"

"नाही. पण आता टोमॅटो म्हणते, तुझं कपाट वेगळं." मग तिने हळूच विचारलं, "समुद्राच्या तळाचं पुस्तक मला चालतं का? की तेही टोमॅटोच्या कपाटातलं आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग बाईंचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. ठिपके लावणारे हात माझेच होते. त्यानंतर टिटवी ग्रंथालयात पाऊल टाकेना. शाळेतून सरळ घरी जायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. मी घरी नेलेली पुस्तकंही तशीच पडून राहायची. ही पोर वाचायची थांबली, तर तो ठिपका मी तिच्या कपाळावरच लावला असं झालं असतं.

इकडे कपाटाचं उद्घाटन ठरलं. वरच्या कचेरीचे पाहुणे येणार होते. तयारीसाठी बालविभाग दोन दिवस बंद ठेवला आणि बाई मला म्हणाल्या, "ठिपक्यांचं सगळं नियमानुसार करून ठेवा. काही राहायला नको."

"काही राहणार नाही," मी म्हणाले.

माझ्याकडे फिकट गुलाबी ठिपक्यांचं एक भेंडोळं वर्षानुवर्षं पडून होतं. मी कपाटं उघडली आणि मुखपृष्ठावरचे चेहरे बघत गेले. चेहरा गोरा असला, की निळा, पिवळा, जो असेल तो ठिपका काढला आणि गुलाबी लावला. राजकन्या गुलाबी, दरोडेखोर गुलाबी, दुर्बिणीतून पाहणारा शास्त्रज्ञ गुलाबी. भूतसुद्धा चांगलंच पांढरं होतं, तेही गुलाबीत गेलं. ऑक्टोपसचा चेहरा कुठला धरायचा हे नियमात नव्हतं, म्हणून प्राणी तेवढे वाचले. दोन दिवसांत पाचशेच्या वर पुस्तकं झाली. मग ती लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावली आणि वर सुबक अक्षरांत पाटी चिकटवली: 'गोरी माणसं'. काचेच्या कपाटावर 'काळी माणसं'. नियम सगळ्यांना सारखा.

उद्घाटनाला बाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या आणि दारातच खिळल्या. पाहुणे एक पाटी वाचत, मग दुसरी वाचत, मग एकमेकांकडे बघत.

"हे काय केलंत?" बाईंनी गुलाबी कपाटाकडे बोट दाखवलं. "यात सगळंच एक झालंय! गुप्तहेर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, भुतं आहेत! मुलांना काही सापडेल का? नुसती गोरी माणसं काय म्हणता?"

"बाई," मी म्हणाले, "काचेच्या कपाटातही गुप्तहेर होती. अपूर्णांक होते. गिर्यारोहक होता."

बाईंनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे व्हायचं तेच झालं. मला मेमो मिळाला. चौकशी समिती नेमली गेली. ती बहुधा अजून बसलेली आहे. सगळे ठिपके पूर्ववत करायला मला पंधरा दिवस लागले, आणि बाई रोज तासभर येऊन शेजारी बसून खरवडू लागायच्या. मालिकेचे चारही भाग निळ्या कपाटात गेले. बाईंनी आपणहून आणखी वीस पुस्तकं मागवली, सगळ्या रंगांच्या चेहऱ्यांची, आणि जिथली तिथे लावली. अहवालात दाखवायला एकही कपाट उरलं नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

टिटवीला मी कसंबसं मनवून आणलं. ती दारातून आत आली, निळ्या कपाटापाशी गेली आणि किंचाळली. चौथा भाग टोमॅटोच्या काखेत होता. तिने सकाळीच येऊन नोंद करून ठेवली होती.

"ए, ती माझी आहे!"

"तुझी कशी गं? निळ्या कपाटातली आहे. सगळ्यांची आहे!"

"मग मी काय वाचू?"

"आठ दिवसांनी मिळेल. नंबर लाव."

टिटवी माझ्याकडे धावत आली. नाक ओढत, डोळे पुसत म्हणाली, "मावशी, सांग ना तिला!"

मी नोंदवही काढली आणि टोमॅटोच्या खाली तिचं नाव लिहिलं. भाचीच्या रडण्याचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. पाचेक मिनिटांनी खिडकीकडून घसा खरवडलेला चोर ओरडला, आणि मोठ्यांच्या विभागातून तक्रार आली.