बंद टाकीतली हवा

मेहुणा राहायला आला तेव्हा मुकादमाने बायकोला विचारलं होतं, "किती दिवस?" ती म्हणाली, "भाऊ आहे माझा." हे काही उत्तर नव्हे, पण त्याने ऐकून घेतलं. पुढे पुढे तर त्याला मेहुण्याचं जेवताना चघळणंसुद्धा सहन होईना.

शेवटी त्याने त्याला कारखान्यात आपल्या हाताखाली घेतलं. तिथे एक जुनी लोखंडी टाकी कित्येक महिने झाकण लावून पडली होती. तळाला ओल, भिंतींवर गंजाच्या खपल्या. त्या खरवडून रंग द्यायचा होता.

लोखंड गंजतं ते हवेतला प्राणवायू खाऊन, हे मुकादमाला पक्कं ठाऊक होतं. बंद टाकीत ते खातच राहतं. मागे उरते त्या हवेला ना रंग ना वास, आणि तिच्यात माणूस जगत नाही. नव्या गड्यांना तोच बजावायचा, आधी पंखा लावून दिवसभर हवा खेळवा, कमरेला दोर बांधा, मगच उतरा.

त्या सकाळी त्याने पंखा लावलाच नाही. मारायचं काही मनात नव्हतं. रंगाच्या वासाने येते तशी घेरी येईल, गडी धडपडत वर येईल आणि घाबरून आपल्या घरी पळेल, एवढंच त्याने धरलं होतं.

"दाजी, दोर?" मेहुण्याने विचारलं.

"अरे, कशाला? बहिणीचं बोट धरून चालायची सवय ना, दोर लागणारच म्हणा तुला!"

सोबतचे रंगारी फिदीफिदी हसले. मेहुण्याचे कान लाल झाले. त्याने दोर पायाने बाजूला सारला.

"ताईला सांगा, तिचा भाऊ कामाचा निघाला म्हणून," असं म्हणत तो शिडी उतरला.

खालच्या पायरीवरून त्याने वर पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि तसाच कोसळला. घेरी नाही, धडपड नाही. दिवा मालवावा तसा.

एका रंगाऱ्याने आत पाय टाकला. मुकादमाने त्याची मानगूट धरून मागे ओढलं. "कोणी उतरायचं नाही! एकामागून एक सगळे मराल!"

हाही नियमच होता, आणि बरोबर होता. वरून ओढायला त्याच्या कमरेला दोर हवा होता. तो तिथेच धुळीत पडला होता. मग पंखा आणला, लावला. हवा जोरात आत गेली. मेहुण्याच्या तोंडावर गंजाची भुकटी उडत राहिली.

घरी बायकोने एकच विचारलं, "दोर नव्हता?"

"होता की. त्यानेच लाथाडला. विचार यांना."

दारातल्या रंगाऱ्यांनी माना खाली घातल्या. उद्या याच मुकादमाच्या हाताखाली काम करायचं होतं.

"हट्टीच होता लहानपणापासून," ती रडत म्हणाली. "बरं झालं, तुम्ही तरी उतरला नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. घरात एकट्या त्याच्याच चघळण्याचा आवाज येत होता.