रस्ता सांगणारं यंत्र

बाईंच्या घरात साधी बादली आणायची झाली तरी ती बाईंनी पारखल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. खालच्या मजल्यावर त्यांची धुलाई होती आणि वर घर. खालची धुण्याची यंत्रं, चादरी दाबून काढणारा वाफेचा रूळ, गाठोडी वाहणारी गाडी आणि वरची थोरली सून, सगळं त्यांनी जातीने निवडलेलं. सुनेच्या बाबतीत थोडा धोका पत्करावा लागला, बाकी माल चोख, असं त्या चारचौघांत म्हणत. सून हसायची. न हसून सांगते कोणाला!

शाळेत त्या जेमतेम दोन वर्षं गेल्या होत्या, पण वस्तू कशी बघायची हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. बोटाच्या पेराने ठोकून बघायची, उलटी करून बघायची, आणि मग वस्तू खाली ठेवून विकणाऱ्याचं तोंड बघायचं. निम्मा माल तोंडावरच कळतो.

म्हणून धाकट्या मुलाने गाडीत रस्ता सांगणारं यंत्र लावायचं काढलं, तेव्हा ते निवडायला बाई जाणार हे सांगायलाच नको होतं. धाकटा गाडी चालवायचा, गिऱ्हाइकं सांभाळायचा. त्याचं म्हणणं असं, की हल्ली गर्दी वाढली आहे, आणि पुढे कुठे रस्ता तुंबलाय ते या यंत्रात तिथल्या तिथे दिसतं. बाईंना गर्दी कुठली ते काही उमगेना. गावात एक पूल, एक बाजाराचा चौक आणि एक रेल्वेचं फाटक. फाटक पडलं की सगळे थांबतात, उघडलं की सगळे निघतात. त्यात यंत्राने काय दिवे लावायचे? पण धाकट्याला धंद्यासाठी काही हवंसं वाटतंय, याचंच त्यांना बरं वाटलं.

तसं वाटायला कारण होतं. मागल्या साली इस्पितळाचं मोठं काम चालून आलं, तेव्हा थोरला नको म्हणत होता. तो बॉयलरपाशी बसणारा माणूस, चार लोकांशी बोलायचं तर त्याला घाम फुटतो. बाहेरचं कोण बघणार, असं त्याने विचारलं. तेव्हा धाकटा म्हणाला होता, "मी आहे ना. मी कुठे जातोय?" तेवढ्या शब्दावर बाईंनी काम घेतलं, मागची भिंत पाडली, दोन मोठी यंत्रं बसवली. धाकटा हलला तर हा सगळा डोलारा आपल्या अंगावर येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि धाकटा हलणार नाही, हेही तितकंच पक्कं.

धाकटा म्हणत होता, तू कशाला दगदग करतेस, मी जाऊन येतो. बाई चपला घालून गाडीत बसल्यासुद्धा.

दुकान लांबोडकं होतं. काचेच्या कपाटांत यंत्रं ओळीने उभी, सगळी चालू, जणू बाराजणी एकाच वेळी डोळे वटारून बघतायत. विकणारा चष्मेवाला गृहस्थ होता, गोड बोलणारा. बाईंनी त्याची उलटतपासणी घेतली. हे बोलतं का? बोलतं, बाईचा आवाज आहे. आणि आपण चुकलो तर? तर दुसरा रस्ता सांगतं, रागवत मात्र नाही. मग काय उपयोग, बाई म्हणाल्या. चष्मेवाला मनापासून हसला. धाकटा हसला नाही. तो सारखा दाराकडे बघत होता.

चष्मेवाल्याने मग सगळ्यांत भारीतलं यंत्र काढलं. त्यात एका मोठ्या शहराचे रस्ते पसरले होते. लाल रस्ता म्हणजे तुंबलेला, पिवळा म्हणजे रखडत चाललेला, हिरवा म्हणजे मोकळा. बाई बघत असतानाच एक पिवळी रेघ लाल झाली. कोणाचा तरी आत्ता, या घटकेला, तिथे खोळंबा झाला आणि तो इथे कपाटापाशी उभं राहून दिसला, याचं त्यांना खरंच नवल वाटलं. तेवढ्यात बाहेर कोणीतरी भोंगा वाजवायला लागलं. आपली गाडी कोणाच्या तरी दारात आडवी लागली होती. धाकटा किल्ली घेऊन बाहेर गेला.

"आता आमचं गाव दाखवा," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने दाखवलं. पूल होता, चौक होता, फाटकही होतं. पण रस्ते सगळे राखाडी. ना लाल, ना हिरवा.

"इथली गर्दी यात येत नाही, बाई. ही सोय फक्त मोठ्या शहरांत. तुमच्या मुलाला परवाच सांगितलंय मी. त्यांना तिकडचीच हवी होती ना, पुढल्या महिन्यात तिकडे भाड्याची गाडी चालवायला जायचंय म्हणून. नव्या माणसाला तिकडे याच्याशिवाय अवघडच." मग त्याने आवाज हळू केला. "मुलगा एकटा राहणार म्हणजे आईला काळजी वाटतेच म्हणा."

"वाटते," बाई म्हणाल्या.

यंत्र त्यांच्या हातातच होतं, ते त्यांनी उलटं करून बघितलं. बघण्यासारखं मागे काही नव्हतं, पण तोंड कुठेतरी खाली घालायला हवं होतं. एका तिऱ्हाइताला, ज्याची-आपली आजवर गाठ नाही त्याला, आपल्या पोटच्या पोराचा पुढला महिना ठाऊक होता.

धाकटा परत आला. बाईंनी भारीतलं यंत्र कपाटावर ठेवलं आणि शेजारचं लहानसं उचललं.

"मी हे घेते. साधं आहे. त्यात गर्दीबिर्दी काही दिसत नाही, म्हणतात हे. आपल्याला काय करायचीय?"

असं म्हणून त्यांनी वस्तू खाली ठेवावी तशी बोलणं खाली ठेवलं आणि लेकाचं तोंड बघत राहिल्या. आता तरी बोलेल. नको आई, मला ते दुसरंच लागणार आहे, का ते सांगतो, एवढंच त्याने म्हणायचं होतं. चष्मेवाला गडबडला, त्याने काही बोलायला तोंड उघडलं, आणि धाकट्याने घाईघाईने त्याला हाताने थांबवलं.

"तू म्हणशील ते, आई."

घरात उभ्या जन्मात इतक्या पटकन कोणी त्यांचं ऐकलं नव्हतं.

परत येताना फाटक पडलेलं होतं. गाडी थांबली. बाईंनी त्याला बोलायला आणखी एक वाट करून दिली. म्हणाल्या, ही गाडी आता जुनी झाली, पुढल्या साली तुझ्या पसंतीची मोठी घेऊ. बघू की, तो म्हणाला. मालगाडी खडखडत जात होती, डबे संपता संपत नव्हते. बाईंनी समोर बघत विचारलं, "माझ्यामागे धुलाई टाकून तर जाणार नाहीस ना?"

"मी कुठे जातोय, आई?"

जीभ अडखळली नाही, कान लाल झाले नाहीत. गिऱ्हाइकाला 'उद्या मिळेल' म्हणून सांगावं तितकं सहज. बाईंना वाटलं, मागल्या सालीही हा असाच बोलला होता, आणि आपण त्यावर भिंत पाडली.

घरी ताटं वाढलेली होती. बाईंनी खोकं मधोमध ठेवलं आणि बसल्या बसल्या सांगितलं, की गर्दी दाखवणारं नाही घेतलं, साधंच घेतलं.

"साधं?" सुनेच्या हातातला डाव थांबला. "पण भावोजी, तुम्ही तर..." आणि तिने जीभ चावली.

"बोल," बाई म्हणाल्या. "तिकडे याचा काय उपयोग, हेच ना?"

थोरल्याने ताटात असं काही डोकं घातलं, जणू तिथे त्याचं काही हरवलं होतं. कोणी कोणाकडे बघेना. बाईंनी एकेक तोंड बघून घेतलं. एकही तोंड चकित झालेलं नव्हतं.

"आई, आम्ही सांगणारच होतो," थोरला ताटाशीच पुटपुटला.

धाकटा जाणार हे बाईंनी गाडीत बसल्या बसल्या कसंबसं गिळलं होतं. पण हा 'आम्ही' घशाखाली उतरेना. बॉयलरपाशी बसणारा, माशी न मारणारा थोरला, तोसुद्धा त्यात.

धाकटा आता घडाघडा बोलायला लागला. मित्र आहे, भागीत गाडी घेतोय, इथे जीव रमत नाही, तू रागावशील म्हणून धीर होत नव्हता.

"मी रोज रागावते," बाई म्हणाल्या. "आजवर मेलं का कोणी त्याने?"

बाईंनी मग कामाचं विचारलं. इस्पितळाच्या चादरी कोण पोचवणार?

"मी," सून म्हणाली. अगदी हळू, पण तयार उत्तर होतं ते. "गाडी शिकलेय मी. भावोजींनी शिकवली. परवानाही आलाय."

"कधी शिकलीस?"

"दुपारी. तुम्ही जरा पडता तेव्हा."

दुपारी जेवण झालं की सून 'पाय मोकळे करून येते' म्हणायची आणि बाई 'ये हो' म्हणून कुशीवर वळायच्या. त्या झोपल्या की घर दबक्या पावलांनी खाली उतरत होतं. एक शिकवायला, एक शिकायला, आणि एक, आई उठली तर काय सांगायचं ते जुळवून ठेवायला. नव्या माणसाची निवडसुद्धा होऊन गेली होती, आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हती. बाईंनी स्वतः निवडलं असतं तरी सुनेलाच निवडलं असतं. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

त्यांनी खोकं धाकट्याकडे सरकवलं.

"हे बदलून आण. तुला लागतंय ते घे."

"तूही चल ना आई," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुझ्याशिवाय मला काय कळतंय त्यातलं?"

"कळतं की," बाई म्हणाल्या. "परवा एकटा जाऊन सगळं विचारून आला होतास."

जेवण तसंच टाकून त्या खाली गेल्या. इस्पितळाच्या चादरी रुळातून निघून गरम पडल्या होत्या. त्यांनी वरची एक उचलून झटकली. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं, आणि इतकी वर्षं ते टोक सूनच धरत आली होती. आताही ती मागोमाग जिना उतरून आली आणि सवयीने हात पुढे केला.

बाईंनी चादर तिच्या हाताला लागू दिली नाही. पलीकडे खुणेच्या चिठ्ठ्या बांधत बसलेल्या नव्या कामवालीला हाक मारली, "अगं, तू ये. धर हे." नवीला घडी जमेना, टोकं वरखाली होऊ लागली. बाईंनी तिला चार शब्द सुनावले, चादर मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून धरायला लावली. सून भिंतीशी उभी राहून बघत होती, आणि बाई तिच्याकडे पाठ करून, चिमटी कुठे धरायची ते नवीला शिकवत होत्या.